वेगळ्या चुलीचा संसार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तले किस्से पुस्तक हाती घेण्याआधीच आपल्या कानांवर आलेले असतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकात एखादा उतारा वाचलेला असतो, कुणाच्या भाषणात नारायण वामन टिळकांच्या लहरीपणाची गोष्ट ऐकलेली असते. त्यामुळे एका विक्षिप्त कवीच्या बायकोने हसत हसत सांगितलेल्या आठवणी, अशी या पुस्तकाबद्दलची समजूत होऊन बसते. समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र मुळात एका लग्नाची कहाणी आहे. एका माणसाच्या श्रद्धेने ते लग्न मोडायला आलं आणि पुढे त्याच श्रद्धेच्या आधाराने ते पुन्हा उभं राहिलं. हे कसं घडलं, तेच या पुस्तकात मन लावून वाचण्यासारखं आहे.

वऱ्हाडातल्या वाचकाला ते जरा वेगळ्या बाजूने भिडतं. आमच्या बार्शीटाकळी-अकोल्याकडे धर्मांतर म्हटलं की पहिली आठवण येते ती १४ ऑक्टोबर १९५६ ची. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन घरंच्या घरं नागपूरला गेली आणि नवा धम्म घेऊन परतली. नवरा-बायको, म्हातारे आईबाप, कडेवरची पोरं, सगळे एका बाजूला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत, अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनच्या आश्रयाला मुलं आली. ती एकेकटी आली खरी, पण त्यांची घरंच उपासमारीने उधळलेली होती. टिळकांची गोष्ट या दोन्हींहून निराळी. इथे घर शाबूत आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे, दोन्हीकडचे नातलग आहेत. आणि त्यांच्यातून घरधनी एकटाच उठून पलीकडे जातो. मागे राहिलेल्यांनी काय करायचं? धर्मांतरावरच्या बहुतेक लिखाणात जाणारा माणूस बोलतो. ‘स्मृतिचित्रे’त मागे राहिलेली बाई बोलते.

आणि ती सुरुवात करते ती आपल्या वडिलांच्या सोवळ्यापासून. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा दंडक. धान्य धुवायचं, इथवर ठीक. पण मीठही धुवायचं! मीठ धुतल्यावर त्याचं काय होतं, हे सांगायला कुणी नको. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येतं की या वेडापायी घरातल्या बायका-मुलांचे हाल होत आहेत. लक्ष्मीबाई वडिलांचा निषेध करत नाहीत, कीवही करत नाहीत. काय घडलं तेवढं सांगतात आणि पुढे जातात.

हा प्रसंग पुस्तकाच्या तोंडाशीच का, याचं उत्तर दीडदोनशे पानांनंतर मिळतं. पुढे ज्या बाईला आपलं सोवळं सोडायचं आहे, ती कोणत्या घरात वाढली हे आपल्याला आधी नीट कळावं लागतं. घरात मीठ धुतलेलं जिने पाहिलं, तिने परक्याच्या हातचं पाणी पिणं म्हणजे काय, हे मग समजावून सांगावं लागत नाही. लक्ष्मीबाईंची एकाही दिवसाची शाळा झाली नव्हती. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर टिळकांकडून शिकल्या. पण कोणती गोष्ट कुठे ठेवायची, ही जाण त्यांच्याकडे उपजतच होती.

वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं. टिळक कवी, संस्कृतचे व्यासंगी, वक्ते आणि एका जागी न टिकणारे. मनात आलं की नोकरी सोडायची, राग आला की घर सोडून चालू लागायचं, हातात पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकायचा. मुलं झाली आणि गेली. दत्तू तेवढा जगला. अशा संसारात १८९३ साल उजाडतं. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघालेले असतात. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटतात, बायबलची प्रत हातात ठेवतात आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना विश्वासात घेतलेलं नव्हतं.

पुस्तकातला हा भाग सावकाश वाचावा. नवऱ्याने धर्म बदलला याचा अर्थ त्या काळच्या ब्राह्मण बाईला काय होता? नवरा जिवंत, पण त्याच्या पंगतीला बसता येत नाही. कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचं आहे त्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. विधवेचं दुःख तरी समाजाला ओळखीचं; या बाईचं दुःख कुठल्या खात्यात मांडावं हे नातलगांनाही कळेना. कुणी टिळकांना शिव्या घालतं, कुणी बाईच्या नशिबाला बोल लावतं. बहिणीच्या कुटुंबाबरोबर लक्ष्मीबाई पंढरपुरास राहिल्या. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. ते पूल ओलांडून गेले, आणि बायको तुकारामांच्या विठोबाच्या गावी एकटी. जीवनाने जुळवलेला हा योगायोग लक्ष्मीबाई अधोरेखित करत बसत नाहीत.

त्यांचा आकांत मात्र त्या लपवत नाहीत. अन्न जात नाही, झोप लागत नाही, डोकं फिरेल की काय अशी अवस्था होते. याच काळात हातून कविता उतरू लागते. नवऱ्याने शिकवलेली अक्षरं त्याच्याच विरहात कामी येतात. राग आहे, पण तुटकपणा नाही. भेटीगाठी होतात, पत्रं जातात-येतात, दत्तूची काळजी दोघांनाही आहे. नातं तोडण्याची सगळी कारणं हाताशी असताना दोघांपैकी कुणीही शेवटची गाठ कापत नाही. टिळकांनी दुसरं घर मांडलं नाही; लक्ष्मीबाईंनी त्यांना मेलेलं मानलं नाही. त्या काळी अशा माणसाच्या नावाने घटस्फोट करण्याची, म्हणजे जिवंतपणीच त्याचं तर्पण करून मोकळं होण्याची रीत होती. तिथे एवढं करणं ही लहान गोष्ट नव्हती.

मग लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे गेल्या. पण गेल्या त्या आपल्या अटींवर. नवऱ्याजवळ राहायचं, सोवळं सोडायचं नाही. स्वयंपाक-पाणी वेगळं. ख्रिस्ती वस्तीच्या सहवासात ही एक ब्राह्मण चूल. माझ्या मते सबंध पुस्तकाचा गाभा इथे आहे. नवरा-बायकोच्या भांडणात चूल वेगळी होते ती बहुधा घर फुटल्याची खूण म्हणून. इथे वेगळ्या चुलीनेच घर जोडलं. तू तुझ्या देवाला भज, मी माझं पाळते, पण दोघं एका गावात, एकमेकांच्या नजरेसमोर राहू, असा तो अलिखित करार.

या करारात टिळकांचा वाटा लक्षात घेण्यासारखा आहे. एरवी क्षणात भडकणारा, आपलंच खरं करणारा हा माणूस या एका बाबतीत थांबून राहिला. बायकोने बाप्तिस्मा घ्यावा, अशी त्यांची इच्छा नसेल असं कोण म्हणेल? पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. स्वतःच्या धर्मांतराच्या वेळी त्यांनी घराला विचारलं नव्हतं. बायकोच्या वेळी मात्र निर्णय पूर्णपणे तिच्यावर सोपवला. आधीची चूक त्यांनी तोंडाने किती कबूल केली हे बाजूला ठेवू. त्यांच्या या थांबण्यात ती कबुली आहे, असं वाचताना वाटत राहतं. ख्रिस्ती श्रद्धेने त्यांच्या संसाराला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी प्रवचनं, प्रार्थना, पदं यांच्या आधी हा धीर सांगेन.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते त्यांच्याच वाटेने. एका रात्री त्या विचार करत बसतात. हा जातिभेद देवाने केला की माणसाने? देवाने केला असता तर माणसांच्या घडणीत काही फरक नको का? सगळे सारखेच जन्मतात, सारखेच मरतात, भूक-तहान सगळ्यांना सारखी. मग हे माणसाचंच काम. एवढ्या साध्या पायऱ्यांनी त्या जन्मभराच्या सोवळ्याच्या पलीकडे उतरतात. या प्रसंगात कुणी मिशनरी नाही, वादविवाद नाही, आकाशवाणी नाही. मीठ धुणाऱ्या बापाची लेक स्वतःशीच हिशेब घालते आणि उत्तर निघाल्यावर मागे हटत नाही. आधी जात गळाली, ख्रिस्ताची ओढ त्यानंतर वाढली, हा क्रम महत्त्वाचा आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या आणि बायकोच्या बाप्तिस्म्यात पाच वर्षांचं अंतर पडलं. ते अंतर दोघांनी भरू दिलं, ओढून कमी केलं नाही. म्हणूनच पुढे त्यांचं नातं टिकलं.

यानंतर भाविक लेखकाने लिहिलं असतं की सगळं सुरळीत झालं. लक्ष्मीबाई तसं लिहीत नाहीत. बाप्तिस्म्याने टिळक आदर्श नवरे झाल्याचं त्या कुठेही भासवत नाहीत. पैशाची ओढाताण तीच, पाहुण्यांचा राबता तोच, टिळकांचं दान करणंही तेच. फरक पडला तो या ओढाताणीला मिळालेल्या अर्थात. पूर्वी नवऱ्याच्या उधळेपणाची झळ एकटीने सोसायची होती. आता त्या देण्यात तिचाही हात होता. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात आली. प्लेगच्या दिवसांत, जेव्हा सख्खे नातलग आजाऱ्याला टाकून पळत, तेव्हा या बाईने रोग्यांची शुश्रूषा केली. एकेकाळी सावली टाळणारी बाई गाठी आलेल्या परक्या माणसाच्या उशाशी बसली.

घर किती मोठं झालं, याचा दाखला बालकवींचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. टिळकांना त्याच्या प्रतिभेचं अप्रूप, लक्ष्मीबाईंना त्याच्या खाण्यापिण्याची काळजी. त्याचे रुसवे-फुगवे, खोड्या, आळस, सगळं त्या आईच्या नजरेने टिपतात. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ते व्हावेत म्हणून त्या घराने त्यांना जीव लावला नव्हता. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. पुढच्याच मे महिन्यात, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. पोटचा नसलेला मुलगा आणि नवरा, दोघं वर्षभराच्या अंतराने. या मृत्यूंविषयी लिहिताना त्यांची वाक्यं आणखी आखूड होतात. त्यांच्या गद्यात दुःख जितकं मोठं तितके शब्द कमी.

या गद्याविषयी थोडं. दत्तूला, म्हणजे देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, अशी निकड त्यांनी लावली आणि त्यातून हे पुस्तक झालं. म्हणजे ते निघालं टिळकांसाठी आणि झालं लक्ष्मीबाईंचं. ओसरीवर बसून बाई बोलते आहे असा त्याचा सूर. वाक्य लहान, क्रियापद ठाम, विशेषण क्वचित. प्रसंग सुरू होतो तो थेट मधूनच, आणि संपतो तेव्हा तात्पर्य नसतं. विनोद बहुतेक वेळा स्वतःवर. स्वतःच्या अडाणीपणाची, फजितीची, भोळेपणाची गोष्ट त्या सगळ्यांत रंगवून सांगतात. नवऱ्याच्या चुका सांगतानाही त्यांचा आवाज चढत नाही. हा विनोद निव्वळ स्वभावाचा भाग नाही. इतकं सोसून झाल्यावर माणूस कडवट होतो किंवा संत होतो. लक्ष्मीबाई दोन्ही झाल्या नाहीत. त्यांना क्षमा करणं जमलं, आणि ती क्षमा त्यांच्या लिखाणात हसू होऊन उतरली. ख्रिस्ती शिकवणीतला क्षमेचा भाग त्यांनी कुठे समजावून सांगितलेला नाही. नवऱ्यावर इतक्या मायेने हसता येणं, हाच त्याचा पुरावा.

या संसाराची पुढची वीण ‘ख्रिस्तायन’मध्ये दिसते. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं हे काव्य टिळकांनी आरंभलं आणि सुरुवातीचे अध्याय लिहून ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या, तेव्हा शेवट देवदत्तांनी केला. नवरा, बायको, मुलगा, तिघांचं मिळून एक काव्य. जिला या धर्माचं नाव ऐकून घेरी आली होती, तिनेच त्याचा सर्वांत मोठा भाग लिहावा, यापुढे नात्यांच्या बळकटीचा आणखी काय दाखला हवा? घरात शेतीवाडी नव्हती, दागदागिने नव्हते. वारसा म्हणून जे होतं ते अपुरं काव्य, आणि तेही पोरक्या लेकरासारखं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सांभाळलं गेलं. टिळकांची भक्तिगीतं आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आहेत आणि अकोला-अमरावतीकडच्या चर्चमध्येही रविवारी म्हटली जातात. गाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या गीतांमागचं हे घर ठाऊक असेल?

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टिळकांच्या मनात बाप्तिस्म्यापूर्वी काय चाललं होतं, हे इथे फारसं कळत नाही; बाईंना जे दिसलं तेवढंच त्या लिहितात. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आला आणि त्याला आधीच्या भागांची घडण नाही. वऱ्हाडातल्या वाचकाला आणखी एक उणीव जाणवेल. दुष्काळात घरात आलेली मुलं इथे माया मिळालेली मुलं म्हणून भेटतात. त्यांना स्वतःला काय वाटलं, मागे सुटलेलं गाव आठवत होतं का, हे ती बोलत नाहीत. ज्या बाईने जात टाकली तिची वेदना आणि धैर्य आपल्याला मिळतं. ज्यांना जातीने आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यांचा बाप्तिस्मा कसा होता, ती गोष्ट या पुस्तकाबाहेरची आहे. लक्ष्मीबाईंकडून ती मागणं अन्यायाचं होईल, पण ती नाही हे ध्यानात ठेवून वाचणं बरं.

एवढं बाजूला ठेवूनही जे उरतं ते मोलाचं आहे. अडचणीच्या काळात श्रद्धा घराला सावरते, असं आपण सहज बोलून जातो. शेगावच्या वाटेवर चालणारा, गुरुकुंजाची सामुदायिक प्रार्थना म्हणणारा, विहारात वंदना घेणारा, मशिदीत नमाज पढणारा, चर्चमध्ये गुडघे टेकणारा, प्रत्येक जण ते म्हणतो. पण घरातल्या दोघांची श्रद्धा एक नसेल तर? कपाशी हातची गेली, कर्ज डोक्यावर बसलं, आजारपण आलं, अशा वेळी नवरा एकाच्या पायाशी आणि बायको दुसऱ्याच्या, असं आमच्याकडे आजही घडतं, आणि मग देवावरूनच भांडण पेटतं. ‘स्मृतिचित्रे’ सांगतं की श्रद्धेत स्वतःचं असं सावरण्याचं बळ आपोआप नसतं. तिच्याच नावाने घर फुटतंही. ती सावरते तेव्हा, जेव्हा श्रद्धावान माणूस दुसऱ्याची चूल विझवायला जात नाही.

बार्शीटाकळीच्या असो की आणखी कुठल्या, वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ बहुधा मिळेल. निवडक उताऱ्यांवर समाधान मानू नका. सगळं पुस्तक काढून आणा. टिळक ख्रिस्ती झाल्यापासून लक्ष्मीबाई नगरला जाईपर्यंतचा भाग घरात दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा, असं माझं सांगणं आहे. तो वाचून कुणी ख्रिस्ती होणार नाही, आणि व्हावं अशी लक्ष्मीबाईंची अपेक्षाही दिसत नाही. मराठीत एकाच घरातल्या दोन श्रद्धांविषयी इतकं खरं आणि इतकं प्रेमाने लिहिलेलं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही.